सतरा मेचा सोमवार

गोपीनाथ देशकरांनी हिंदी मुलखात, भेल या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत चौतीस वर्षं काढली. ट्रान्सफॉर्मर विभागातून फोरमन म्हणून २००१ साली निवृत्त झाले, बरखेड्याचं कंपनीचं क्वार्टर सोडलं आणि साकेत नगरात दोन खोल्यांचं स्वतःचं घर केलं. पेन्शन नव्हती म्हणण्याइतकीच होती. फंडाचे चार लाख बँकेत साडेनऊ टक्क्यांनी ठेवले आणि त्या व्याजावर घर चालू लागलं. पत्नी सरोजची दम्याची औषधं त्यातूनच येत.

त्या तीन वर्षांत रिझर्व्ह बँक व्याजदर उतरवत राहिली. शेजारच्या मंडळींची तरुण मुलं स्वस्तात कर्जं काढून फ्लॅट आणि गाड्या घेत होती, पेढे आणून देत होती. जानेवारी २००४ मध्ये ठेवीची मुदत संपली, तेव्हा बँकेतल्या बाईंनी नवा दर सांगितला. सव्वापाच.

"टाइपिंगची चूक असेल," गोपीनाथ म्हणाले.

"नहीं अंकलजी, अब यही रेट है."

ते घरी आले ते चिडूनच. "कर्ज घेणाऱ्यांचं भलं करताय, करा. पण ज्यानं आयुष्यभर कर्ज घेतलं नाही त्याला ही शिक्षा कशाला?"

कारखान्याच्या अकाउंट्समध्ये असलेला विलास आता म्युच्युअल फंडाची कामं करायचा. त्यानं समजावलं, "काका, सगळं टाकू नका. निम्मं टाका, आणि चार-पाच वर्षं हात लावायचा नाही या तयारीनं टाका." सरोजचंही तेच म्हणणं होतं. पण निम्म्याच्या व्याजात भागणार नव्हतं आणि बाजार तर रोज चढत होता; वाढेल त्यातूनच थोडं थोडं काढता येईल असं त्यांना वाटलं. गोपीनाथांनी सगळे चार लाख टाकले.

मे महिन्यात लोकसभेचे निकाल लागले. सरकार पडलं. गोपीनाथ जुने युनियनवाले. सरकारी कारखाने विकू नका म्हणून कारखान्याच्या पिपलानी गेटवर त्यांनी उन्हातान्हात घोषणा दिल्या होत्या, मतही त्याच रागानं दिलं होतं. निकालाच्या संध्याकाळी ते जुन्या सोबत्यांना मिठ्या मारून आले. "आता कुणी विकत नाही आपला कारखाना!" सरोजला त्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाजार आपटला. कारखान्यांची विक्री आता बंद, अशी भाषा दिल्लीत सुरू झाली होती आणि गुंतवणूकदारांनी तिचाच धसका घेतला होता. सर्वांत जास्त मार बसला तो सरकारी कंपन्यांच्या शेअरना. विलासच्या फंडात तेच भरलेले होते.

शनिवार-रविवार गोपीनाथ नीट जेवले नाहीत. सोमवारी, सतरा तारखेला, सकाळीच टीव्ही लावला तर बाजार एवढा कोसळलेला की व्यवहारच थांबवले होते. थोड्या वेळानं सुरू झाले, पुन्हा थांबवले.

त्यांनी विलासला फोन लावला.

"काका, आज काही करू नका. आज घाबरलेले लोक विकताहेत."

"मग मी काय घाबरू नको? तुझे आहेत का चार लाख?"

सरोज दारात उभी होती. "अहो, आपल्याला आज पैसे लागणार आहेत का? नाही ना? मग राहू द्या. माझी औषधं महिनाभराची आणलेली आहेत."

"तुला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

टी. टी. नगरला फंडाच्या कचेरीत त्यांच्याच वयाची पंधरा-वीस माणसं उभी होती. तीनच्या आत अर्ज दिला तर आजचा भाव, एवढंच काउंटरवरचा माणूस प्रत्येकाला सांगत होता. अडीच वाजता गोपीनाथांनी सगळे पैसे काढून घेण्याच्या अर्जावर सही केली. बाहेर आले तेव्हा त्यांना चक्क हलकं वाटलं. जे उरलं ते आपलं, असं मनाशी म्हणत घरी येऊन ते गाढ झोपले.

चारांचे तीन झाले होते.

मंगळवारी बाजार सपाटून चढला. संध्याकाळच्या बातम्या पाहून गोपीनाथ खुर्चीतून उठलेच नाहीत. बुधवारी सकाळी ते पुन्हा टी. टी. नगरला गेले आणि अर्ज परत मागितला.

"अब कुछ नहीं हो सकता. आपका तो सोमवार को ही हो गया."

"एक दिवस का फरक है, भाई!"

काउंटरवरच्या माणसानं पुढच्याला हाक मारली.

घरी आल्यावर ते सगळ्यांवर चिडले. दिल्लीवर, रिझर्व्ह बँकेवर, विलासवर. आपण जिंकलो म्हणून मिठ्या मारल्या आणि त्याच जिंकण्यानं आपलेच पैसे नेले, ही गोष्ट त्यांना कुणापाशी बोलताही येईना. जुने सोबती भेटले की अजून निकालाबद्दलच हसून बोलत. सरोज मात्र 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला.

ऑगस्टमध्ये पोस्टात ज्येष्ठांसाठी नवी योजना आली. नऊ टक्के, पाच वर्षं. गोपीनाथ जायला तयार नव्हते. "उद्या तेही बदलतील."

"चेकबुक घ्या आणि चला," सरोज म्हणाली. रिक्षा तिनं आधीच बोलावली होती.

पोस्टाच्या खिडकीवर त्यांनी दर पाच वर्षं बदलणार नाही ना, हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा कारकुनानं नुसती मान डोलावली. तीन लाख तिथं गेले. व्याज दर तिमाहीला येऊ लागलं, पूर्वीपेक्षा कमी, पण नेमानं. सरोजनं दुपारी दोन शिकवण्या धरल्या.

दिवाळीनंतर विलास फराळाला आला. बाजार तोवर जानेवारीच्याही वर गेला होता. तो विषय काढत नव्हता, गोपीनाथांनीच काढला.

"एक दिवस, विलास. एकच दिवस थांबायला हवं होतं. तू नीट सांगितलं असतंस तर थांबलो असतो."

"सांगितलं होतं, काका."

"थांबा म्हणालास. उद्या चढेल असं कुठं म्हणालास?"

विलासनं हातातली चकली बशीत ठेवली. "ते मलाही ठाऊक नव्हतं. माझे स्वतःचेही होते त्यात. मीही त्या रात्री जागाच होतो."

 गोपीनाथांनी सरोजला चहा टाकायला सांगितला, आणि ती उठायच्या आत स्वतःच स्वयंपाकघरात गेले.