कोर्टात गेलेली कातर

मी कातर बोलतेय. शिंप्याची नव्हे, मेंढरं कातरणारी. जिंतूरच्या एका लोहाराने बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून मला घडवलं. दोन पाती आणि मागे वाकवलेली कमान, एवढंच माझं रूप. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं.

माझे धनी येडबा धनगर. वय झालेलं, बोलणं कमी. लोकर कातरताना ते मेंढीशी हळू आवाजात बोलत, म्हणजे ती बुजत नसे. वर्षातून दोनदा लोकर कातरायची आणि नवं कोकरू धडधाकट झालं की त्याच्या डाव्या कानाच्या टोकाला एक खाच पाडायची, हे माझं काम. ती खाच येडबांची खूण. चार कळप एका पाणवठ्यावर आले तरी आपलं मेंढरू त्या खुणेवरून कळायचं.

कोकरू कुणाचं, याची खात्री ते एकाच गोष्टीवरून करत. ज्या मेंढीला ते पितं, तिचं ते. मेंढी परक्या पिलाला ढुशी देऊन हाकलते. "मानूस खोटं बोलंल, मेंढी न्हाई बोलायची," असं ते म्हणत.

एका हिवाळ्यात येडबा बाजाराला गेले आणि दोन दिवस तिकडेच राहिले. त्यांचा मुलगा मुंजाजी घोंगड्या विकायला गंगाखेडला गेला होता. कळपापाशी सून भिवराबाई एकटीच. त्या दिवशी आमची एक मेंढी व्याली आणि तिचं कोकरू मेलं. संध्याकाळी ओढ्याकाठच्या बाभळीखाली भिवराबाईला एक काळं कोकरू सापडलं, पुढचा एक पाय पांढरा. कुणाचा तरी कळप पुढे गेला होता आणि हे मागे राहिलं होतं. भुकेने त्याचा आवाजही निघत नव्हता.

भिवराबाईने मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आणि ते या काळ्याच्या पाठीवर बांधलं. मेंढीने हुंगलं. आपल्याच पिलाचा वास. तिने त्याला पिऊ दिलं. कातडं सोडवायला, कापायला मीच तिच्या हातात होते, म्हणून मला सगळं ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

येडबा परतले तोवर ते कातडं काढून टाकलेलं होतं आणि गळ्यात लाल चिंधी बांधलेलं कोकरू खुशाल दूध पीत होतं. त्यांनी मला उचललं आणि कानाला खाच पाडली. भिवराबाई चार पावलांवर उभी होती. तिचा हात वर झाला, पण शब्द फुटला नाही. त्यांच्यात सून सासऱ्याशी बोलत नसे. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. काही सांगायचं ते नवऱ्याकडून. मुंजाजी आला की सांगू, असं तिने ठरवलं.

मुंजाजीच्या आधी चंद्रभान नावाचा दुसरा धनगर आला. ते कोकरू त्याच्या कळपातलं होतं.

"वा रं बाबा!" तो येडबांना म्हणाला. "मेंढरू मुकं असतंय, पर कान तर बोलायलाय! कवा कापलास?"

"परवा. माझ्याच मेंढीचं हाय," येडबा म्हणाले.

"माझं पांढऱ्या पायाचं हाय. समद्या गावानं बघितलंय."

चंद्रभानने चोरीची फिर्याद दिली आणि पोलिसांचा जमादार आला. पंचनामा झाला. माझ्या कमानीला चिठ्ठी बांधून वर लाखेची मोहर ठोकली. त्या दिवसापासून मी कातर राहिले नाही, मुद्देमाल झाले. येडबांना जिंतूरला नेलं. या वयात कैद झाली तर ते तिथून परत येतील का, याची मला धास्ती होती.

मुंजाजी आल्यावर भिवराबाईने त्याला सगळं सांगितलं. तो धावत जमादाराकडे गेला. जमादार म्हणाला, "बायकोनं केलेलं नवऱ्याच्या तोंडून चालत न्हाई. तिला कोर्टात येऊन बोलू दे. पर इचार कर, तीबी अडकंल."

सुनावणीच्या दिवशी मी न्यायनिवाडा करणाऱ्या मुन्सिफसाहेबांच्या टेबलावर होते. साहेब उर्दूत विचारायचे, पेशकार म्हणजे कोर्टाचा कारकून ते मराठीत सांगायचा. कोकरू चंद्रभानचं, हे साक्षीदारांनी सांगितलं. कान कुणी कापला?

"म्याच," येडबा म्हणाले.

मी मनात म्हटलं, झालं, संपलं.

साहेबांनी मला उचलून पाहिलं आणि विचारलं, "नीयत काय होती?"

पेशकार म्हणाला, "मनात काय होतं, इचारायलेत साहेब."

"माझंच हाय, असं होतं," येडबा म्हणाले.

तेव्हा मागून भिवराबाई पुढे आली. पदर नाकापर्यंत, पण तिने मेलेलं कोकरू, कातडं, बाभूळ, सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, सासऱ्याला का सांगितलं नाहीस?

"आमच्यात सासऱ्याशी बोलत न्हाईत, साहेब."

"आन् साहेबापुढं बोलायलीस की!" चंद्रभान मागून ओरडला.

"साहेब काय माझे सासरे हायेत का?"

कोर्ट हसलं. पेशकाराने उर्दूत सांगितल्यावर साहेबही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, कोकरू ठेवून घ्यायचं होतं?

"जगलं तर ज्याचं त्याला द्यायचं. मेलं असतं तर काय दिलं असतं? म्हनून तर त्याच्या गळ्यात माझ्या लुगड्याची चिंधी बांधली, परकं हाय हे ध्यानात ऱ्हावं म्हनून."

साहेबांनी पंचनामा मागवला. त्यात लिहिलं होतं: गळ्यात लाल चिंधी.

"म्या समजलो, दिष्ट लागू नये म्हनून बांधलीय," येडबा पुटपुटले.

साहेबांनी सावकाश निकाल सांगितला. माल परका, हे खरं. हाताने काम घडलं, हेही खरं. कोकराचा कान गेला, ते नुकसानही खरं. पण कान कापणाऱ्याला ते परकं आहे हे ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिने ते जगवायला ठेवलं, गिळायला नव्हे. खोटं मन आणि त्या मनाने केलेलं काम, दोन्ही एकत्र असल्याशिवाय चोरी होत नाही. कोकरू चंद्रभानचं, येडबा मोकळे.

येडबांनी तोंडावरून हात फिरवला. माझी मोहर फोडली, तेव्हा मलाही श्वास घेतल्यासारखं वाटलं.

बाहेर चंद्रभान कोकराकडे बघत राहिला. "माझ्याकडं कोन पाजंल ह्याला? दूध तुटंस्तोवर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. कान तर तुमचाच हाय आता!"

येडबा सुनेकडे वळले. "भिवरा, पानी तरी पिलीस का सकाळधरनं?"

तिने पदर सारखा केला. मग पदराआडून म्हणाली, "न्हाई, मामंजी."

पुढे नवीन कोकरं खाच पाडायला आली की येडबा मला हातात धरून सुनेकडे बघायचे. "बोल गं, आपलंच हाय ना?" तिने "हाय" म्हटल्याशिवाय त्यांनी माझी पाती मिटली नाहीत.

येडबा गेले, मुंजाजीही म्हातारा झाला. आता मी छपरात खोचलेली असते. एक पातं मोडलंय, दुसऱ्यावर गंज चढलाय. त्याचं दुःख नाही. माझ्यामुळे कुणी तुरुंगात गेलं नाही, हे समाधान पुरेसं आहे. तुम्हाला एवढंच सांगते. कुणाच्या हातून काही वावगं घडलेलं दिसलं, तर हात जरूर बघा. पण त्याच्या मनात काय होतं, हे त्याला विचारा, आणि तो सांगेपर्यंत थांबा. काही माणसांना बोलायला वेळ लागतो.