वाळूच्या रंगाची विमानं

ती विमानं रिफअत शलबीनं निवडली, असं आमच्या हवाई दलात सगळे म्हणायचे. खरं तर लढाऊ विमान एकटा माणूस कधी निवडत नसतो. समिती असते, तिच्यावर आणखी एक समिती असते, आणि शेवटी ज्यांनी आयुष्यात कॉकपिटमध्ये पाय ठेवलेला नाही असे लोक वरच्या मजल्यावर ठरवून टाकतात. पण आमच्या समितीत चाचणी वैमानिक तो एकटाच होता. त्यानं फ्रेंच विमान उडवलं, अमेरिकन उडवलं, रशियन उडवलं आणि कैरोला परत येऊन सरळ सांगितलं, "रशियन घ्या."

"फ्रेंच जास्त आधुनिक नाही का?" एका जनरलनं विचारलं.

"आहे ना, फंदिम. पण लिबियाच्या हद्दीपासून तांबड्या समुद्रापर्यंत जाऊन परत यायचं तर मला पोटात भरपूर इंधन मावणारं विमान पाहिजे. आणि अमेरिकन लोक विमान देतात, पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. पंखाखाली काय टांगायचं तेसुद्धा त्यांना विचारायचं."

मी त्या खोलीत इंजिनांचा माणूस म्हणून बसलो होतो. माझी एवढीच कुरकुर होती की रशियन इंजिन लवकर उतरवावं लागतं, लवकर दुरुस्तीला पाठवावं लागतं. रिफअत हसला. "बाशमुहंदिस, तुला प्रत्येक इंजिन म्हणजे आजारी आत्या वाटते. सारखी हिची नाडी बघ, हिला औषध दे."

मला सगळेच बाशमुहंदिस म्हणतात; कैरोत वरिष्ठाला 'फंदिम', म्हणजे साहेब, म्हणतात, तसं कुठल्याही इंजिनियरला हे. पण तो म्हणायचा तेव्हा त्यात थोडी चेष्टा असायची आणि बरीच माया. आमची मैत्री जुनी. दोघंही तरुणपणी रशियात शिकून आलेलो, दोघांनाही रशियन येत होतं. मी ख्रिस्ती, तरी रमजानात त्याच्या घरचा एक तरी इफ्तार मी कधी चुकवला नाही.

करार झाला. काही वर्षांनी विमानं तयार व्हायला लागली आणि ती ताब्यात घ्यायला आमचं पथक रशियाच्या अगदी पूर्व टोकाला, अमूर नदीकाठच्या एका कारखान्याच्या गावी गेलं. रिफअत पथकाचा प्रमुख, हुद्द्यानं कर्नल. पद्धत साधी होती. विमान आम्ही इंजिनियरांनी तपासायचं, त्यानं उडवून बघायचं आणि मग सही करायची. सही झाली की विमान इजिप्तचं.

पहिलं विमान रंगशाळेतून बाहेर आलं तो दिवस मला आठवतो. आजूबाजूला काळी झाडं, राखाडी आकाश, आणि मधोमध वाळूच्या रंगाचं, तपकिरी डागांचं विमान. पंखांवर आमचं तांबडं-पांढरं-काळं वर्तुळ. त्या गावात दुसरं काहीच त्या रंगाचं नव्हतं. रिफअतनं हातमोजा काढून नाकाडावर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. गार पडलेल्या पत्र्याला कातडी चिकटते.

"पोळला का?" मी म्हटलं.

"थंडीनं पोळतं हे नवीनच," तो म्हणाला. पण खूश होता.

सही करायच्या आधीच कैरोहून फोन आला. थांबा. सही करू नका.

कारण कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, वर्तमानपत्रांत सगळं येत होतं. अमेरिका नाराज आहे, ही विमानं घेतलीत तर निर्बंध लावू म्हणते आहे, मदत आटेल. आमचं सरकार हो म्हणेना की नाही म्हणेना. कारखाना मात्र थांबला नाही. आणखी विमानं रंगून बाहेर येत राहिली आणि धावपट्टीच्या कडेला रांगेत उभी राहिली. त्यांच्यावर बर्फ पडायला लागला.

मग आम्हाला एकेकाला परत बोलावलं जाऊ लागलं. कुणाचा बाप आजारी, कुणाची बढती. डिसेंबरात माझी पाळी आली.

"आता तू एकटाच," मी म्हटलं. "सगळेच का नाही परत जात?"

"सगळे गेले तर करार आपण मोडला असा अर्थ होतो. मग भरपाई. एक माणूस इथे आहे तोवर करार जिवंत आहे."

"मग तो एक माणूस दुसरा कुणी असू दे. तुझं घरदार नाही का?"

माझी पेटी त्यानं स्वतः गाडीत टाकली. "विमान कुणी मागितलं होतं?" एवढंच बोलला.

पुढचं सारं मला त्यानं नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं, कधी गाडी चालवताना, कधी कॉफी पिताना.

पाहुण्यांसाठीच्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर तो एकटाच राहत होता. खाली झोया नावाची बाई बसायची, किल्ल्या सांभाळायची. सुहैरनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मुलुखियाचा वाळवलेला पाला पिशवीभर बांधून दिला होता. त्याची लसूण घालून केलेली भाजी तो शुक्रवारी करायचा.

"कर्नलसाहेब, तो हिरवा चिखल शिजवताना खिडकी उघडत जा," झोया जिन्यातून ओरडायची.

"या थंडीत? मरेन मी."

"मग शिजवू नका! वास खालपर्यंत येतो."

दिवसातलं एवढंच मोकळं बोलणं, असं तो म्हणायचा. कारखान्यातले लोक सभ्य होते, पण उपाहारगृहात त्याच्या टेबलाशी कुणी बसत नसे. बसून बोलणार काय? घेणार का, हे विचारता येत नव्हतं, आणि दुसरा विषय नव्हता. विमानं नुसती उभी ठेवून चालत नाहीत, अधूनमधून इंजिनं फिरवावी लागतात. त्या दिवशी तो पहाटेच जाऊन उभा राहायचा. पोरं लांब दांड्याच्या झाडूंनी पंखांवरचा बर्फ लोटायची, हाही एक झाडू घ्यायचा. इंजिनं गरजायची, गरम वाफ सुटायची, आणि मग पुन्हा सगळं बंद करून नळकांड्यांना लाल कापडी टोपणं घालायची.

कैरोला तो नेमानं फोन करायचा. सुरुवातीला पलीकडचा माणूस ओळखीचा होता. मग बदलला, मग पुन्हा बदलला. एकदा पलीकडून एका तरुण आवाजानं अदबीनं विचारलं, "माफ करा, फंदिम, आपण कुठल्या पथकाचे?"

"मग तू काय सांगितलंस?" मी त्याला विचारलं होतं.

"सांगितलं की मीच पथक."

सुहैरशी बोलणं व्हायचं, पण वेळा जुळत नसत. ती शिक्षिका; तिची शाळा संपायची तेव्हा त्याची झोपायची वेळ होई.

"मलकसाठी स्थळ आलंय," एकदा ती म्हणाली. मलक ही त्यांची एकुलती एक मुलगी.

"कोण मुलगा?"

"दातांचा डॉक्टर आहे. मन्सूराचे लोक."

"विमानातलं काही कळतं का त्याला?"

"दातातलं कळतं. घर चालायला तेवढं पुरतं." मग म्हणाली, "तू ये ना रे. तुला बघायला नको का जावई?"

"हुकूम नाही, सुहैर."

"हुकूम नाही, की ती विमानं सोडवत नाहीत?"

  थोड्या वेळानं फोन आपोआप तुटला, पुन्हा कुणी लावला नाही.

रमजान आला तेव्हा नदीवरचा बर्फ तडकायला लागला होता. त्या गावात त्याच्याखेरीज उपास धरणारं कुणी असलंच तर त्याला माहीत नव्हतं. बांग नाही, कैरोत उपास सोडायला उडवतात ती तोफ नाही. खिडकीतून सूर्य झाडांमागे गेलेला बघायचा आणि पाण्याचा पेला उचलायचा. टेबलाशी दुसरी खुर्ची होती, ती त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. 

ती खुर्ची एके दिवशी अर्कादीनं ओढून घेतली. अर्कादी कारखान्याचा चाचणी वैमानिक, साठीला टेकलेला, बायको वारलेली. धुरावलेला मासा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला आणि समोर बसून राहिला.

"तू खा की," रिफअत म्हणाला. "उपास माझा आहे."

"तू समोर उपाशी बसलेला असताना माझ्या घशाखाली उतरेल का? बसतो. माझा तरी सूर्य कुठे पळून चाललाय?"

दोघं खिडकीकडे बघत बसले. उजेड जाता जाता अर्कादी म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पाहुणे येताहेत. तुमची विमानं बघायला."

"कुठले पाहुणे?"

"ते विचारू नकोस. पण पंखांवरची तुमची वर्तुळं खरवडायला सांगितलीत."

रिफअत पाणी प्यायला. त्यानं मासा खाल्ला. चांगला होता, असं तो म्हणाला.

"करार अजून मोडलेला नाही," अर्कादी हळूच म्हणाला. "त्याप्रमाणे उडवून बघायचा तुझा हक्क आहे. परवा आकाश स्वच्छ असणार आहे. तू मागणी कर, नाही म्हणणं त्यांना जड जाईल."

त्यानं मागणी केली, आणि कुणी नाही म्हटलं नाही.

त्या उड्डाणाबद्दल तो फार कमी बोलला आहे. खाली नदी, अर्धी पांढरी, अर्धी काळी. आणि जंगल, संपतच नाही असं. त्यानं नाक सरळ वर धरलं आणि विमान वर जातच राहिलं. समितीपुढे त्यानं जे जे सांगितलं होतं ते सगळं त्या यंत्रानं करून दाखवलं, वर थोडं जास्तच. अशा वेळी वैमानिकाला कुणाला तरी सांगावंसं वाटतं. त्याच्या कानात नियंत्रण मनोऱ्यातला एक रशियन पोरगा होता.

"सगळं ठीक?" त्यानं विचारलं.

"ठीक," रिफअत म्हणाला.

तो उतरला तेव्हा शिडीपाशी कारखान्याचा उपसंचालक उभा होता. हातात ताब्याचा कागद आणि पेन. "कर्नल, या एकावर सही करा. फक्त एकावर. एक तुमचं झालं की बाकीच्यांना नाही म्हणणं तुमच्या लोकांना कठीण जाईल. तुम्हालाही हेच हवंय."

रिफअतनं अर्कादीकडे पाहिलं. अर्कादी जमिनीकडे बघत होता. त्याला हे ठाऊक होतं की नव्हतं, ते रिफअतनं पुढे कधीच विचारलं नाही.

त्यानं पेन हातात घेतलं. हे मला सांगताना त्यानं हॉर्नवरचा हात काढला आणि गाडी कडेला घेतली.

"सही झाली असती, बाशमुहंदिस. पेन चालू होतं, हात माझा होता. एका सहीत विमान आपलं झालं असतं. नंतर कैरोत माझं जे व्हायचं ते झालं असतं, त्याची मला भीती नव्हती."

"मग?"

"निवडायला मला सांगितलं होतं, ते मी केलं. घ्यायचं की नाही, ते मला विचारलेलंच नव्हतं. बाहेर अख्ख्या देशावर काय कोसळलं असतं ते मला दिसत नव्हतं. मला फक्त ते विमान दिसत होतं. एवढंच दिसणाऱ्या माणसानं सही करू नये."

त्यानं पेन परत दिलं. उपसंचालक रागावला नाही, नुसतं म्हणाला, "मग उडवलंत कशाला?"  रिफअत चालत खोलीवर गेला. झोयानं काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही. त्या संध्याकाळी सूर्य बुडून गेला तरी त्यानं उपास सोडला नाही. विसरला.

पाहुणे आले त्या दिवशी त्याला खोलीतच थांबायची विनंती केली गेली. खिडकीतून काही दिसत नव्हतं. पण एकामागून एक इंजिनं सुरू झालेली त्यानं ऐकली, आणि कुठलं इंजिन कुठल्या विमानाचं ते त्याला आवाजावरून कळत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर परतीचा हुकूम आला. दोन ओळींचा.

कैरोत त्याचं कुणी वाईट केलं नाही. टेबल दिलं, खिडकी दिली. काही महिन्यांनी नवी समिती बसली, दुसऱ्या देशाचं विमान निवडायला, आणि अनुभवी म्हणून त्याला पुन्हा घेतलं. मीही होतो. तरुण वैमानिक तावातावानं बोलत होते. रिफअत आकडे वाचून दाखवायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायचा, पण 'हे घ्या' असं म्हणायचा नाही. एका मेजरनं जेवणाच्या सुट्टीत त्याला विचारलं, "फंदिम, ते रशियन कसं होतं हो?" रिफअतनं पावाचा तुकडा मोडला. "चांगलं होतं," म्हणाला. तो मेजर आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून जरा वेळ थांबला, मग उठून आपल्या मित्रांत गेला.

घरीही तसंच. सुहैर मला म्हणाली, "माणूस आलाय, भाऊ. पण स्वयंपाकघरात उभा राहतो आणि खिडकीबाहेर बघतो. बाहेर काय आहे? शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे. आधी निदान फोनवर तरी बोलायचा."

मलकचा साखरपुडा कैरोच्या मस्र अल-गदीद भागातल्या त्यांच्याच घरी झाला. मन्सूराहून दातांच्या डॉक्टराचे नातेवाईक मोटारी भरून आले होते. गुलाबी सरबत फिरत होतं, बायका जिभा नाचवून आनंदाचा लांब स्वर काढत होत्या, पोरं पायांत येत होती. अंगठ्या घालायच्या आणि मुलीचा बाप कुठे दिसेना. सुहैरनं माझ्याकडे पाहिलं. मी गच्चीच्या दारापर्यंत गेलो तर तो आत येत होता, हातात फोन.

"कोण होतं?"

तो रशियनमध्ये बोलला, आजूबाजूला माणसं होती म्हणून. "अर्कादी. गेली म्हणतो."

"सगळी?"

"सगळी. दोन-दोन करून. आज सकाळी शेवटची जोडी."

"कुठे?"

"तो सांगत नाही. मीही विचारलं नाही. रंगसुद्धा बदललाय म्हणे, निळसर केलाय."

 मी इंजिनांचा विचार करत होतो, त्यांना आता कोण बघेल याचा. तेवढ्यात व्याह्यांनी रिफअतच्या खांद्यावर हात टाकला. मोठ्या आवाजाचा, मनमोकळा माणूस. "अहो व्याही, ही कुठली भाषा? आम्हाला कळू नये म्हणून आमच्याकडून घ्यायच्या मेहेरची बोलणी चाललीत की काय?"

सगळे हसले. रिफअतही हसला.

"रशियातला मित्र होता," तो म्हणाला. "तिकडे हवा उघडली म्हणतो."

"अरे वा! इथे तर घामानं जीव चाललाय. चला, चला, मुलगी वाट बघतेय."

त्यानं फोन खिशात टाकला आणि गर्दीतून वाट काढत मलककडे गेला. कुणीतरी त्याच्या हातात सरबताचा पेला दिला. मी दाराशी उभा होतो; पेला तसाच हातात धरून तो मुलीच्या शेजारी उभा राहिला, आणि फोटो काढणाऱ्यानं दोनदा सांगितल्यावर त्यानं कॅमेऱ्याकडे पाहिलं.