चंद्रद्वार ऊर्फ राखेचा पेला

मित्रांनो, मानवजातीची सारी संस्कृती मातीच्या भांड्यात साठवलेली आहे. राजे गेले, राज्ये बुडाली, कित्येक भाषा विसरल्या गेल्या. पण माणसाने ज्यात पहिल्यांदा पाणी भरून ठेवले ते भांडे टिकले. त्या थोर आणि अखंड परंपरेचा मी एक वारसदार आहे. फक्त माझ्यात पाणी राहत नाही. मला भोक आहे.

मी एक जुना पेला आहे. जपानातल्या शिगाराकी गावात मुराओका कुंभारांच्या ओसरीवर, चपलांच्या फळीशेजारी माझा मुक्काम असतो. माझ्या पोटात राख असते आणि कुशीतल्या भोकात डासांच्या कॉइलचा तुकडा खोचलेला असतो. तो तिथे इतका चपखल बसतो की बघणाऱ्याला वाटावे, हा पेला त्यासाठीच जन्मला. तसे नाही. माझा जन्म एका महत्त्वाच्या कामासाठी झाला आणि ते काम मी चोख केले. मला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची.

एइजिरो मुराओका यांचे वडील कुंभार, आजोबाही कुंभार. लाकडाची भट्टी लावायची असली की मुराओका उरल्यासुरल्या मातीचे चार पेले झटपट वळतात आणि ओले असतानाच प्रत्येकाच्या कुशीत बोट खुपसून भोक पाडतात. त्या पेल्यांना भट्टीच्या झरोक्याजवळ जागा मिळते. आत शेकडो भांडी तापत असतात, पण त्यांच्यावरची झिलई वितळून रंग धरला की नाही, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार? मग झरोक्यातून लोखंडी सळई आत घालायची, तिचा आकडा पेल्याच्या भोकात अडकवायचा आणि पेला बाहेर ओढायचा. त्याचा रंग बघून आतल्या साऱ्यांचे नशीब ठरवायचे.

माझी पाळी आली तेव्हा पहाट होत होती. मी बाहेर आलो तो पिकलेल्या पर्सिमन फळासारखा लालभडक. निवत गेलो तसा लाल उतरला आणि खालून हिरवा रंग वर आला, तळ्याच्या तळाशी दिसतो तसा. मुराओकांनी मला चिमट्यात धरून उजेडाकडे नेले. धुराने त्यांचे डोळे सुजले होते. त्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले, तसे मला पुढे कोणी पाहिले नाही. ज्यांनी रेशमी गादीवर बसवून पाहिले त्यांनीही नाही.

"झालं," ते म्हणाले. "आता लाकूड पुरे."

माझे आयुष्यभराचे काम तेवढेच. त्यानंतर आमची रवानगी मागच्या खापरांच्या ढिगावर होते. मला तिथे फेकणार, इतक्यात मुराओकांच्या पत्नी तोकिएबाई म्हणाल्या, "अहो, थांबा. हा राहू दे. भोक कॉइलला बरं आहे." अशी माझी दुसरी नोकरी लागली.

आता मुराओकांविषयी सांगायला हवे. त्यांची पन्नाशी जवळ आली होती. उपाहारगृहांना ताटल्या पुरवून घर चालत होते, पण त्या धंद्यात ताटल्या करणारा कुंभार जन्मभर कुंभारच राहतो. क्योतोच्या मोठ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पांढऱ्या भिंतींच्या दालनात एकट्याचे प्रदर्शन भरले, की तोच माणूस रातोरात कलावंत होतो. वडिलांचे तसे प्रदर्शन भरले होते. मुराओका दर वर्षी विचारत आणि दुकानवाले दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" असे इतक्या आदराने सांगत, की नकार मिळाल्याचे घरी पोहोचेपर्यंत लक्षात येत नसे. दुकानवाले ऐकत फक्त सुगिउरा गुरुजींचे. गुरुजी भांड्यांवर लेख लिहीत. बऱ्याच विनवण्यांनंतर ते एका उन्हाळ्यात स्वतः शिगाराकीला आले.

मुराओकांनी आपले चहाचे वाडगे फळीवर ओळीने मांडले होते. या लोकांत एक रीत आहे. आपली वस्तू पाहुण्यापुढे ठेवताना ती टाकाऊ आहे असे म्हणायचे. जितकी चांगली, तितकी अधिक टाकाऊ. त्याप्रमाणे मुराओका प्रत्येक वाडग्याला "हा अगदीच सामान्य आहे, गुरुजी" असे म्हणत होते आणि गुरुजी "छे छे" म्हणत पुढे सरकत होते. ओळ संपली. गुरुजी दमून ओसरीवर टेकले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचलले. राख सांडली, ती बाहीने पुसली.

"हा कधी केलात?"

मुराओकांचा चेहरा उतरला. "गुरुजी, तो टाकाऊ आहे."

"असं?"

"खरंच टाकाऊ आहे. अगदी मनापासून सांगतो."

मित्रांनो, यात एक अक्षर खोटे नव्हते. पण इतक्या कळकळीने आपल्या वस्तूला टाकाऊ म्हणणारा कुंभार गुरुजींना त्या दिवसापर्यंत भेटला नव्हता. त्यांचा आवाज जड झाला. "बाकीच्यांना तुम्ही सामान्य म्हणालात ते रीत म्हणून. याला मात्र तुम्ही जिवापासून म्हणालात. म्हणजे यातच जीव आहे! चहा नाकारणारा पेला. भोक पाडायला केवढं धैर्य लागलं असेल!"

बोटच लागले होते, पण ते कोण सांगणार?

सांगायचे कसे? एवढ्या मोठ्या माणसाने मान तुकवली ती राखेच्या पेल्यापुढे, असे त्याच्याच तोंडावर, आपल्याच ओसरीवर सांगायचे? पाहुण्याची मान खाली जाण्यापेक्षा आपली गेलेली बरी. मुराओका जमिनीला कपाळ लागेल इतके वाकले आणि वाकलेलेच राहिले. गुरुजींनी त्याचा अर्थ आभार असा घेतला.

प्रदर्शन ठरले. गुरुजींनी मला 'चंद्रद्वार' असे नाव दिले. माझ्यासाठी लाकडी पेटी आली, आत रेशमी गादी आली. तोकिएबाईंनी मला तीन पाण्यांनी धुतले.

"काय चंद्रद्वारसाहेब, आता डासांचं कुणी बघायचं?" असे मला म्हणून त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, अजून सांगा. फोन करा. फोनवर चेहरा दिसत नाही."

"आता सांगितलं तर त्यांना किती लागेल!"

"आणि त्या दिवशी कळलं तर?"

"कसं कळेल? कोण पाणी ओतून बघणार आहे?"

तेवढ्यात दुकानाचा निरोप आला, की उद्घाटनाला गुरुजी स्वतः 'चंद्रद्वारा'तून चहा घेतील.

चहा करायला मुराओकांची फुमी आत्या होती. जन्मभर चहाच्या विधीचे शिक्षण देत आलेली, काटक बाई. तिने मला उजेडात धरले आणि माझ्यातून पलीकडच्या भाच्याकडे पाहिले.

"एइजिरो, यातून तू दिसतोयस."

"आत्या, भोकाच्या खाली राहील एवढाच चहा घाल."

"आणि घुसळताना? फेस काय मला विचारून वर येणार आहे?"

प्रदर्शनाच्या दालनात मी मधोमध होतो. माझ्यावर वरून दिवा सोडला होता. मुराओकांचे खरे वाडगे, ज्यांच्यासाठी त्यांचे मनगट झिजले, ते खांबाआड भिंतीशी उभे होते, लग्नात नवऱ्या मुलाचे गरीब नातेवाईक उभे राहतात तसे. लोक माझ्यापुढे थांबत, श्वास रोखत आणि माझ्या भोकातून पलीकडे बघत. पलीकडे अग्निशामक नळकांडे होते.

मग चटया अंथरल्या. पाहुणे गुडघे मोडून बसले. आत्याने चहाची हिरवी पूड टाकली, दोन चमचे गरम पाणी घातले आणि जितके हळू घुसळता येईल तितके हळू घुसळले. पण चहाला घुसळणे कळते, अडचण कळत नाही. फेस चढला, भोकाशी आला, क्षणभर थबकला आणि माझ्या कुशीवरून हिरवा ओघळ निघून कोऱ्या चटईवर उतरला. मित्रांनो, पाहुण्यांसमोर लहान मुलाचे जे होते, ते माझे झाले. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

गुरुजींनी मला दोन्ही हातांनी उचलले. रीतीप्रमाणे फिरवले. आणि उजव्या हाताचा अंगठा अलगद माझ्या भोकावर ठेवून सगळा चहा पिऊन टाकला. अंगठा पोळला असेल, पण चेहऱ्यावर काही दिसले नाही. त्यांनी मला खाली ठेवले तेव्हा तो अंगठा हिरवा झाला होता.

मुराओकांनी तो अंगठा पाहिला आणि त्यांचा धीर सुटला. ते चटईवर दोन्ही हात टेकून पडले. "गुरुजी, हा भट्टीतला रंग बघायचा पेला आहे. आम्ही यात डासांची कॉइल लावतो."

गुरुजींनी रुमाल काढून अंगठा पुसला. मग ते हळूच म्हणाले, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"त्या दिवशी परत जाताना गाडीतच कळलं. बाहीला कॉइलचा वास येत होता."

"मग गुरुजी, तुम्ही..."

"तुम्ही इतके वाकलात! इतकं वाकलेल्या माणसाला कसं सांगू, की माझी चूक झाली? मला वाटलं, तुम्ही सांगाल."

"आणि मला वाटलं, तुम्हांला लागेल."

दोघांचेही कान लाल झाले होते. फुमी आत्या ओल्या डागावर फडके दाबत पुटपुटली, "दोघांच्या सभ्यतेपायी चटई माझी गेली."

रुमालाची घडी करत गुरुजींनी विचारले, "मग तुमचा खरा वाडगा कुठला?"

"सगळेच टाकाऊ आहेत, गुरुजी," मुराओका सवयीने म्हणाले.

"पुरे झालं हो आता!" मागच्या रांगेतून तोकिएबाईंचा आवाज आला. "आता तरी खरं बोला!"

मुराओका उठले. अडखळत खांबाआड गेले आणि एक करडा वाडगा घेऊन आले. बुटका, साधा, काठाला जरासा झुकलेला. तो त्यांनी दोन्ही हातांनी गुरुजींपुढे ठेवला. त्यांच्या घराण्यात पाहुण्यासमोर जे वाक्य कोणी उच्चारले नव्हते, ते त्यांनी उच्चारले.

"हा चांगला आहे."

भर बाजारात कपडे उतरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. आत्याने त्या वाडग्यात दुसरा चहा केला. गुरुजी प्यायले, वाडगा तळहातावर फिरवून पाहिला. अंगठा त्यांनी कुठेही ठेवला नाही, ठेवायची गरज नव्हती.

"हो," ते म्हणाले. "चांगला आहे."

माझ्यावर गुरुजींनी आधी पानभर विशेषणे खर्चली होती. या वाडग्याला दोनच शब्द मिळाले आणि मुराओका लहान मुलासारखे रडू लागले. मला लाज वाटते ती इथली. चटई भिजवल्याची नव्हे, तो माझ्या भोकाचा दोष. त्या क्षणी मी तिथे रिकामा बसून मनात म्हणत होतो, 'आता माझी गादी काढून घेणार.' ज्या माणसाने मला पहाटेच्या उजेडात डोळे फाडून पाहिले, त्याचा सगळा जन्म त्या करड्या वाडग्यात होता, आणि मला माझ्या गादीची पडली होती.

गादी गेलीच. करडा वाडगा तिच्यात गुंडाळून गुरुजी घरी घेऊन गेले. दुकानवाल्यांनी मुराओकांना पुढच्या वर्षी बघू असे कळवले आहे. माझ्या पेटीत तोकिएबाई बटणे ठेवतात. मुराओका अजून ताटल्या करतात, मात्र एखादी मनासारखी उतरली तर आत जाऊन बायकोला म्हणतात, "ही चांगली झालीय." आणि कान लाल करून बाहेर येतात.

तेव्हा मित्रांनो, कोणी तुमचे चुकीचे कौतुक केले, तर लगेच सांगा. पहिल्या मिनिटाला नुसते ओशाळून भागते, पुढे पेटी करावी लागते. आणि स्वतःची एखादी गोष्ट खरोखर चांगली झाली असेल, तर ती खांबाआड ठेवू नका. वस्तूंना जपा, जी ज्या कामाची आहे तिला त्या कामासाठी जपा. थोर परंपरेचा वारसदार या नात्याने मला एवढेच सांगायचे होते.

आणि निघालाच आहात तर, राख भोकापर्यंत आली आहे. तेवढी ओतून जा.