रबराच्या झाडाचं पाणी

जयाने डब्यातल्या मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसलं आणि बाहेर काढून पाहिलं. चिखल. आज पुन्हा चिखलच. बोट तसंच वर धरून ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मावशी, रबराच्या झाडाला पाणी कुणी घातलं?"

साळूमावशी भाकरी थापत होत्या. शेजारच्याच त्या, जयाची आई गेल्यापासून सकाळचा स्वयंपाक त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतला होता.

"म्या न्हाई बाई."

"मग माती ओली कशी?"

"काल राहुरीचे पाहुने आल्ते न्हवं का. त्यातल्या म्हाताऱ्यानं पेल्यात उरल्यालं वतलं आसंल. आता चांगलं पानी कुटं फेकून द्यायचं?"

"तिथे मी पाटी लावली आहे, मावशी. 'पाणी घालू नये.' एवढ्या मोठ्या अक्षरात."

"ती व्हय! आमाला वाटलं ती पाहुन्यांसाठी. आन पाहुन्यांना वाटलं आसंल घरच्यांसाठी."

 मोरीवर जाऊन जयाने बोट दोनदा साबणाने धुतलं.

आईला जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. पुण्याच्या नोकरीचं काम ती इथूनच, कोल्हारच्या घरातून करत होती आणि उरलेला सगळा वेळ या झाडावर पहारा देत होती. भेटायला येणारा प्रत्येक माणूस व्हरांड्यात बसे, पाणी पिई, आईची एखादी आठवण सांगे, डोळे पुसे आणि उठताना पेल्यातलं उरलेलं पाणी झाडाला घाली. पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, हे आईनेच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आता पन्नास माणसांनी आईची आज्ञा पाळली होती आणि झाड कुजायला लागलं होतं. तळाकडची पानं आधी पिवळी पडली. मग एकेक पान, टाळी वाजल्यासारखा आवाज करत फरशीवर पडू लागलं.

तिने अजिनाथला बोलावलं होतं. शाळेत तिच्याच वर्गात होता. आता डाळिंबाची रोपवाटिका चालवत होता. त्याने आल्या आल्या डबा आडवा करून तळ पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"जये, रंगाचा डबा हाय हा. भोकच न्हाई खाली. झाड लावलंय का लोनचं घातलंय?"

"फरशीवर डाग पडतात म्हणून आईने पाडलं नव्हतं."

"आन तरी अकरा वर्सं जगलं? कमाल हाय काकूंची."

त्याने खिळा ठोकून सात भोकं पाडली. काळं, नासकं पाणी बाहेर आलं. मग शेंड्याखाली वीतभर अंतरावर त्याने चाकूने सालीचं कडं काढलं, डाळिंबाची गुटी बांधतात तसं. कापातून पांढरं दूध भळभळ आलं. अजिनाथ क्षणभर थांबला. डाळिंबाला असं होत नाही. जयाने दुसरीकडे बघत त्याच्या हातात स्वयंपाकघरातलं फडकं दिलं. ओलं शेवाळ लावून, वरून प्लास्टिक गुंडाळून त्याने सुतळी आवळली.

"खालच्या मुळ्यांचं काय खरं न्हाई. पन हितं मुळ्या फुटल्या तर शेंडा कापून लावता यील. तवर खोड जगलं पायजे. पंदरा दिवस थेंब द्यायचा न्हाई. थेंब म्हंजी थेंब."

आज नववा दिवस होता.

त्या दिवशी जया व्हरांड्यातच लॅपटॉप घेऊन बसली. पाहुण्यांचे पेले ती त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेत होती. कोपरगावच्या मामींना ते लागलं. "पोरगी पार बदलली," असं त्या फाटकापाशी म्हणाल्या, ऐकू जाईल इतक्या हळू. जयाने ऐकलं आणि पेला आत नेऊन ठेवला. दिवसभरात झाडाला कुणी हात लावला नाही. व्हरांड्यासमोरच्या मनमाड रस्त्यावरून उसाच्या गाड्या जात राहिल्या, धूळ येत राहिली आणि पानांवर बसत राहिली. ती पुसायचं आईचं फडकं, जुन्या पातळाचं, खिडकीच्या गजावर वाळून कडक झालं होतं. त्याला अजून कुणी हात लावला नव्हता. जयानेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माती ओली होती.

तिसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली आणि दाराआड उभी राहिली. थोड्या वेळाने नाना, तिचे वडील, बाहेर आले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढलेला माणूस. अजूनही साडेपाचला जाग येई. त्यांच्या एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात दोन पेले. त्यांनी दोन्ही भरले. एक पिऊन संपवला. दुसरा हातात घेऊन काही वेळ तसेच उभे राहिले आणि मग तो डब्यात रिकामा केला.

"नाना, तुम्हीच मारताय हे झाड!"

ते दचकले नाहीत. रिकामा पेला त्यांनी कठड्यावर पालथा ठेवला.

"अजिनाथ काय म्हणाला ते तुमच्यासमोरच बोलला होता ना? पाटी लावली. सगळ्या गावाशी वाईटपणा घेतला मी. आणि तुम्ही..."

"तुझ्या आईला मुतखडा झालता," नाना म्हणाले. "डॉक्टर म्हनले, सकाळी उठल्याबरोबर पेलाभर पानी पायजेच. तिला रिकाम्या पोटी पानी जायचं न्हाई. मळमळायचं."

"ते माहीत आहे मला."

"मी पेला तिच्या हातात द्यायचो. आन तिकडं रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचो. ती अर्धा प्यायची, अर्धा याला."



"तुम्हाला ठाऊक होतं?"

"डब्यात पानी पडल्याचा आवाज येतोच की."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"अर्धा तरी प्यायची." त्यांनी तांब्या उचलला. "आता अख्खा उरतो."

ते आत गेले.  जयाने कागदाची पाटी काढली, दोनदा दुमडली आणि ती कुठे टाकावी हे न कळून हातातच ठेवली.

पुढच्या दिवशी नाना व्हरांड्यात आले तेव्हा ती आधीच तिथे बसली होती. त्यांनी एक पेला भरला. दुसरा भरताना तिच्याकडे पाहिलं.

"द्या इकडे," ती म्हणाली.

पाणी थंडगार होतं. अर्धं कसंबसं गेलं. आईसारखंच. तिने पेला ओठांपासून दूर केला.

नाना पाठ करून रस्त्याकडे बघत उभे होते. दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गेला, धूळ उठली, खाली बसली. ते वळले नाहीत.

जयाने गजावरचं फडकं ओढून घेतलं. त्यावर उरलेलं पाणी हळूहळू ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत. कडक झालेलं कापड तिच्या मुठीत मऊ होत गेलं. उरलेल्यांतलं सगळ्यात खालचं पान तिने तळहातावर घेतलं आणि देठापासून टोकापर्यंत पुसलं. धुळीखालून गडद हिरवा रंग वर आला.

 तसंच रस्त्याकडे बघत नानांनी विचारलं,

"आज आवाज न्हाई आला?"