बुडबुडे थांबले म्हणे

मी एक जुना हायड्रोमीटर आहे. दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर तुम्ही पाहिला असेल, मित्रांनो. मी त्याचाच भाऊ, फक्त माझं काम बिअरमध्ये. वीतभर काचेची नळी, बुडाशी शिशाच्या गोळ्या आणि पोटात आकड्यांचा कागद, एवढाच माझा संसार. सध्या मी इंग्लंडमधल्या बार्न्सली गावातल्या एका स्वयंपाकघराच्या खणात, बटाटे सोलायच्या सुरीशेजारी पडून आहे. पडून आहे याचा राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि तो आज मी बोलून टाकणार आहे.

मला घडवणाऱ्या बाईने तो कागद नळीत सरकवला, मला साध्या पाण्यात उभं केलं आणि शून्याची रेघ पाण्याला टेकेपर्यंत सोडलं नाही. मगच माझं तोंड वितळवून बंद केलं. साध्या पाण्यात शून्य, बिअरसाठी उकळलेल्या ताज्या गोड काढ्यात चाळीस. यीस्ट साखर खात जातं तसा मी खोल बुडत जातो. दहाच्या आसपास येऊन लागोपाठ तीन दिवस तिथेच उभा राहिलो, की समजायचं, खाणं संपलं, आता बाटल्या भरा. यात न समजण्यासारखं काय आहे?

विल्फ ओल्डरॉइड खाणीतून निवृत्त झाला आणि त्याने मला विकत आणलं. सुरुवातीला फार जपायचा. खिडकीशी धरून, डोळे बारीक करून वाचायचा. "हा बोलल्याशिवाय मी बाटली भरत नाही," असं शेजाऱ्यांना सांगायचा. मला भारी वाटायचं. पुढे त्याला वाटायला लागलं, आपल्याला सगळं कळतं. मग तो झाकणावरच्या नळीतले बुडबुडे मोजायला लागला. बुडबुडे येतायत, म्हणजे चालू आहे. थांबले, म्हणजे झालं. त्या नळीला एक आकडा तरी सांगता येतो का?

एका फेब्रुवारीत खाणकामगारांचा संप झाला आणि वीज तासन्‌तास जायची. त्यातच लेकीला, ग्लेनिसला, मुलगी झाली होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी बाळाच्या नावाने घरचीच बिअर प्यायची, हा विल्फचा हट्ट. मागच्या खोलीत बिअरची बादली गारठली, यीस्ट झोपलं आणि बुडबुडे थांबले. झोपलं होतं हो, संपलं नव्हतं.

"त्याला एकदा विचार की," त्याची बायको क्लॅरिस म्हणाली.

विल्फने मला बुडवलं. मी स्पष्ट सांगितलं, वीस.

"वीस? शक्यच नाही. आतला कागद घसरलाय याचा."

"कागद घसरलाय की तुला घाई झालीय?"

"अगं, बुडबुडे थांबून तीन दिवस झाले. मला कान आहेत."

"कान आहेत, पण ऐकतोस कुठे?"

माझा कागद घसरलाय! इतक्या वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस. त्याने मला पुसलंसुद्धा नाही, तसंच खणात टाकलं. चाळीस बाटल्या भरल्या, वर प्रत्येकीत चमचाभर साखर घातली आणि लवकर तयार व्हाव्यात म्हणून जिन्याजवळच्या, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात नेऊन ठेवल्या. त्या उबेत यीस्ट जागं झालं, उरलेली साखर खायला लागलं आणि बंद बाटल्यांत वायू कोंडत गेला. त्याच कपाटात वरच्या फळीवर बाप्तिस्म्याचं झबलं उबेला ठेवलं होतं. विल्फच्या आईने हाताने शिवलेलं. विल्फने ते घातलं होतं, ग्लेनिसनेही.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, ग्लेनिस बाळाला खांद्यावर घेऊन ते झबलं काढायला उठली.

"आधी चहा घे, निवतोय," क्लॅरिस म्हणाली, म्हणून ती परत बसली. तिने दोन घोट घेतले असतील, तेवढ्यात कपाटात पहिली बाटली फुटली. मग तिच्या शेजारची, मग ओळीने. फळी वाकली, दाराची कडी उडाली. जिन्यावर काचच काच झाली.

विल्फ भिजलेलं झबलं मांडीवर घेऊन पायरीवर बसला. पुढची बाजू फाटून लक्तरं झाली होती. आणि तो काय म्हणाला, ऐका. "त्या घसरलेल्या कागदाने घात केला."

क्लॅरिसने नळाखाली उंच जग भरला, मला खणातून काढलं आणि पाण्यात सोडलं.

"वाच," ती म्हणाली.

विल्फने वाकून पाहिलं.

"शून्य."

"मोठ्याने. ग्लेनिसला ऐकू दे."

"शून्य," विल्फ म्हणाला. बाळ आईच्या खांद्यावर झोपलं होतं.

विल्फच्या एकुलत्या एका चांगल्या पांढऱ्या शर्टाची पाठ कापून क्लॅरिसने झबल्याला ठिगळ लावलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून उभा होता. बिअर त्यानंतर त्याने कधी केली नाही. बादलीत आता बटाटे असतात.

मित्रांनो, कुणी तुमच्या मनाविरुद्ध खरं सांगितलं, तर त्याला खोटारडा म्हणण्याआधी एकदा साध्या पाण्यात उभं करून बघा. अर्धं मिनिट लागतं. बाटल्या भरल्यापासून त्या फुटेपर्यंत विल्फकडे पूर्ण दहा दिवस होते. मी याच खणात होतो, नळ दोन हातांवर होता. माझी माफी त्याने अजून मागितलेली नाही.