पानांच्या शालीची फाइल

मी एक जुनी फाइल आहे. मित्रांनो, पुठ्ठ्याची आणि दोरी बांधलेली ती नव्हे, संगणकातली. मला ना हात, ना पाय, ना वजन. तरीही माझे वय तुमच्यापेक्षा बरेच जास्त आहे, तेव्हा जरा मानाने ऐका.

माझा जन्म पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत झाला. तिथल्या टंकलेखिकेला सगळे 'मशीनगन' म्हणायचे, इतकी तिची बोटे भराभर चालायची. नळाला पाणी का आले नाही याची उत्तरे टाइप करून ती कंटाळायची, आणि डबा खाऊन झाला की मला उघडायची. तिला विणकामाचे वेड होते. बाळाच्या शालीसाठी पानांची एक वीण तिने स्वतः रचली होती, ती तिने माझ्यात उतरवली. एका ओळीत अठ्ठेचाळीस टाके, अशा साठ ओळी. उलट टाक्याच्या जागी इंग्रजी एक्स, सुलट टाक्याच्या जागी काहीच नाही, नुसती मोकळी जागा. जरा लांबून पाहिले की पडद्यावर खरोखर पाने दिसायची. एकदा साहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी घाबरले. "आमच्या सुनेसाठी एक प्रत काढा," एवढेच म्हणून ते निघून गेले.

काय थाट होता माझा तेव्हा! कर्र कर्र करणाऱ्या प्रिंटरमधून, दोन्ही कडांना भोके असलेल्या लांबलचक कागदावर माझ्या प्रती निघायच्या. शिपाईकाकांच्या लेकीने नेली, तिच्याकडून तिच्या जावेने, जावेकडून आणखी कुणीतरी. त्या थंडीत कितीतरी बाळे माझी पाने पांघरून झोपली. तो काळ आठवला की आजही मला भरून येते.

पुढे कार्यालयात नवे संगणक आले. जुन्या फाइली त्यांना वाचता येईनात, म्हणून सगळ्यांची रूपांतरे झाली. माझे रूपांतर तिने स्वतः केले. पडद्यावर पट्टी धरून एकेक ओळ ताडून पाहिली. मथळ्याखालची रेघ तेवढी गेली, बाकी मी होते तशी राहिले. निवृत्त होताना तिने मला फ्लॉपीवर घेतले आणि घरी बटणांच्या डब्यात ठेवले. त्या डब्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली. उघडायचा तो डबा, पण बटणासाठी. माझ्याकडे कोण बघतो?

मग एके दिवशी तिची भाची आली. तिला बाळ होणार होते. आत्याची बोटे आता आखडली होती, सुया धरवत नव्हत्या. "तू नुसतं सांग, मी विणते," भाची म्हणाली. पण माझ्या कागदी प्रती आत्याने गावभर वाटल्या होत्या, स्वतःला एकही ठेवली नव्हती. दिव्याखाली अंधार! शेवटी भाची मला घेऊन 'जुन्या फाइली नव्या करून मिळतील' अशी पाटी लावलेल्या दुकानात गेली.

दुकानदार भला आणि भारी टापटिपीचा माणूस होता. लोक मथळा मध्यभागी आणायला उगाच मोकळ्या जागा ठोकत बसतात, याचा त्याला राग. म्हणून प्रत्येक फाइलीच्या जादा मोकळ्या जागा तो न विचारता काढून टाकायचा. माझ्याही काढल्या. जिथे पाच होत्या तिथे एक उरली, जिथे अकरा होत्या तिथेही एकच.

"बघा, सगळी अक्षरं आली. एकही गळलं नाही," तो म्हणाला. आणि ते खोटे नव्हते. भाचीने पाहिले, एक्स भरपूर दिसत होते. "मग आता ही कशाला?" म्हणत तिने फ्लॉपी त्याच्याच केराच्या टोपलीत टाकली.

मित्रांनो, माझी अर्धी वीण त्या मोकळ्या जागांत होती. पण हे मी कुणाला सांगणार?

भाचीने विणायला घेतले. ओळी अपुऱ्या पडत होत्या, तिथे तिने शेवटी सुलट टाके भरले. पान काही होईना. तीनदा उसवले, तीनदा विणले. "आत्या, हे पान आहे की चिरडलेलं झुरळ?" ती हसून म्हणाली.

आत्या हसली नाही. विणकामावरून बोटे फिरवत ती म्हणाली, "माझंच चुकलं असेल तेव्हा." वर्षभर तिला बारीकसारीक विसर पडत होता. कधी चष्मा, कधी किल्ल्या. त्यात ही भर पडली. त्या दिवसापासून ती दूधवाल्याला काय सांगायचे तेही भावाला, म्हणजे भाचीच्या वडिलांना, विचारू लागली. "माझ्या डोक्याचा भरवसा नाही. लोकर देऊन टाक कुणाला तरी," ती भाचीला म्हणाली. मी चुकीची झाले याचे मला फारसे दुःख नव्हते. माझ्यामुळे ती स्वतःला चुकीची समजू लागली, हे मला सोसवत नव्हते.

भाचीने लोकर दिली नाही. दुसऱ्या दुपारी तिने मला पडद्यावर उघडले. "आत्या, मी पहिली ओळ वाचते. तू मनात टाइप कर."

"कशाला?"

"कर तर खरं. तीन एक्स, एक मोकळी जागा, एक एक्स..."

आत्याची बोटे टेबलावर हलली. तीन टकटक झाल्या. मग तिचा अंगठा टेबलाच्या कडेवर पडत राहिला. एक, दोन, तीन, चार, पाच.

"एकच जागा आहे गं," भाची म्हणाली.

"एक? मी पाचदा स्पेसबार दाबलाय." आत्या एकदम ताठ बसली. "किती एक्स आणि किती जागा, मोज. अठ्ठेचाळीस व्हायला हवेत."

भाचीने मोजले. एकतीस भरले.

मग काय, मशीनगन सुरू झाली! पानाच्या दोन्ही बाजू सारख्या, ओळ अठ्ठेचाळीसची, या दोन गोष्टी धरून आत्या सांगत गेली आणि भाची भरत गेली. पुन्हा कुणी झाडून नेऊ नये म्हणून तिने मोकळ्या जागी टिंबे दिली. एका ओळीचे गणित काही जमेना. "इथे मी म्हणते तसं कर," आत्या म्हणाली, आणि भाचीने केले. गोवर आल्यासारखी दिसते मी आता, पण माझे पान पुन्हा पान झाले आहे.

काम संपल्यावर आत्याने हळूच विचारले, "म्हणजे मी चुकले नव्हते?"

"नाही गं. मी फ्लॉपी टाकली, ते चुकलं."

थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा विचारले. भाचीने पुन्हा तेच उत्तर दिले.

मित्रांनो, काळ बदलला की आम्हा फाइलींनाही बदलावे लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुनी प्रत टाकण्याआधी नवी प्रत, जिने किंवा ज्याने आम्हाला घडवले त्या माणसाला एकदा दाखवा. आणि ते माणूस "माझंच चुकलं असेल" म्हणाले, तर लगेच हो म्हणू नका.