लाल दिवा नव्हता म्हणून

ब्रायटनच्या नाचकंपनीने मला बोलावलं आणि डॅडनी अट घातली. "नॉर्मा, आपल्या पेकहॅमच्या थिएटरात पडद्यावर तुझं तोंड दाखव. मग खुशाल जा. नाही तर मावशीच्या बेकरीत गुपचूप पाव विक."

म्हणून मी तेव्हा ज्यात नाचत होते त्या सिनेमात माझा जीव अडकला होता. सिनेमा कसला, चार गाणी, एक मोटारसायकल आणि पुठ्ठ्याचा कॉफी बार! उद्या त्याच बारची पोलीस चौकी होणार होती, दुसऱ्या सिनेमासाठी. गाणं आज झालं तर झालं. शेवटी मी गिरकी घेऊन कॅमेऱ्यासमोर यायचं, माझा एकटीचा चेहरा! सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

आणि ऐन वेळी गाणं वाजवणारं मशीन बंद पडलं.

"गाणं मागाहून चिकटवू!" दिग्दर्शक क्रॉल ओरडले. "सगळ्यांना पाठ झालंय ना? मनात म्हणा आणि नाचा. फिल्म एकाच खेपेपुरती उरलीय!"

"आणि ताल?" मी विचारलं.

"हा घ्या!" ते स्टुलावर चढून रुमाल हलवू लागले.

काय नाचलो आम्ही! आवाज फक्त बुटांचा आणि धापांचा. माझी गिरकी आली, तोच दार ढकलून चहाची गाडी आत. स्टुडिओत चहा देणाऱ्या मिसेस टॅप्ली! बाईंची काही चूक नव्हती. आवाज टिपायचा असला की दाराबाहेर लाल दिवा लागतो. नाचाला आवाज टिपत नाहीत, म्हणून दिवा नाही. आत गाणंही नाही. म्हणजे चहाची सुट्टी, दुसरं काय?

"या गं पोरींनो, चहा निवतोय!" बाई थेट कॅमेऱ्यासमोर.

थांबले असते तर सगळं मुसळ केरात. मी बाईंची कंबर धरली आणि त्यांना गरकन फिरवलं.

"अगं ए भवाने, माझा गुडघा!" त्या किंचाळल्या. पण दुसऱ्या फेरीला त्यांनी असा काही ठेका धरला की मीच मागे पडले! रुमाल सुसाट. फिल्म संपली.

"झकास! हेच ठेवायचं!" क्रॉलसाहेब स्टुलावरून जवळजवळ पडलेच.

मग माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्याकडे तोंड बाईंचं होतं. माझी पाठ.

सिनेमा पेकहॅमला लागला तेव्हा अख्खी गल्ली आली. गाणं सुरू झालं आणि पोरं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायला लागली. मिसेस टॅप्ली फिरल्या तेव्हा तर लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं! मला मात्र डॅडकडे बघवेना.

"तोंड काही दिसलं नाही," ते म्हणाले.

"नाही." मला रडू फुटायचंच बाकी होतं.

"पण पाय दिसले. मी खाली पेपर वाचत बसतो, आणि वरच्या खोलीत माझ्या डोक्यावर हेच पाय दणदणत असतात. लाखात ओळखीन." त्यांनी घसा खाकरला. "जा ब्रायटनला. फक्त रविवारी घरी येत जा. अगदीच शांततेत मला पेपर वाचता येत नाही."